दादोबांची पंगत

थंडी पडली की सुरतेहून पोंक आणि उंधियोची पापडी आमच्या बडोद्याच्या घरी यायची, हा तीन पिढ्यांचा रिवाज. यंदाही ती आली आणि पाने वाढता वाढता मला दादोबा पांडुरंग तर्खडकरांची आठवण झाली. आपण त्यांना व्याकरणकार म्हणून ओळखतो. पण कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या शेजारी बसून खावे, हा प्रश्नही त्यांच्या आयुष्याला चिकटलेला होता, आणि त्याचे एक मूळ सुरतेत आहे.

दादोबांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. १८३६ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. १८४० नंतर काही वर्षे ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथे दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्र यांच्यासह त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभा स्थापन केली. ईश्वर एक आणि माणसांची जात एक, हा या सभेचा विचार. भुताखेतांचे मांत्रिक आणि जातीचे अभिमानी या दोघांनाही ती उघड प्रश्न विचारीत असे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरतेत मिठाचा दंगा झाला. मणामागे आठ आण्यांचा कर सरकारने एक रुपया केला, तेव्हा बाजार बंद पडले आणि लोक रस्त्यावर आले. पुढे ही करवाढ कमी करावी लागली. मीठ सर्वांच्याच भांड्यात पडते, म्हणून सारे शहर एक झाले. पण त्याच लोकांचे पाणी पिण्याचे भांडे मात्र वेगवेगळे होते. दादोबांच्या सभेपुढचे कोडे हेच होते.

१८४६ साली दादोबा मुंबईस परतले. १८४९ च्या सुमारास तेथे परमहंस सभा उभी राहिली. तीत प्रवेश करणाऱ्याने ख्रिस्ती माणसाच्या भट्टीतला पाव सर्वांसमक्ष खायचा, असा नियम होता. सभेच्या प्रार्थना दादोबांनी रचल्या. परंतु सारे काही दारे लावून चाले. १८६० साली सभासदांची यादी चोरीस गेली. नावे उघड होणार या भीतीने मंडळी पांगली. बंद खोलीत पाव खाणे जमले, घरच्या माजघरात ते सांगणे जमले नाही. दादोबा त्या वेळी सरकारी नोकरीत वरच्या हुद्द्यावर होते. पुढे १८६७ साली उघडपणे प्रार्थना समाज स्थापन झाला, त्यात त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम अग्रभागी होते.

मोरोपंतांच्या केकावलीवर दादोबांनी १८६५ साली टीका लिहिली आणि तिला आईवडिलांच्या नावांवरून यशोदा पांडुरंगी म्हटले. नावात आई आधी आली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८८२ साली ते वारले.

हे सारे वाचून मी दुसऱ्यांना बोल लावायला मोकळी होते. पण गेल्या वर्षी आमच्या काकू अंथरुणाला खिळल्या, तेव्हा एक बाई सहा महिने आमच्या घरी राहिल्या. काकूंना उठवणे, न्हाऊ घालणे, पेज भरवणे, सारे त्यांच्याच हातचे. आणि त्यांचा चहाचा कप? तो मागच्या दाराच्या फळीवर वेगळा. कोणी सांगितले नव्हते. तो तेथे आपोआप गेला होता, आणि मी पाहूनही गप्प राहिले.

म्हणून यंदा उंधियो झाला तेव्हा त्या बाईंना बोलावणे धाडले. त्या आल्या. मी त्यांचे पान आमच्याच ओळीत मांडले आणि कप फळीवरून काढून इतर कपांत ठेवला. काकूंनी पलंगावरून पाहिले, आणि काही न बोलता त्यांना आणखी वाढ अशी मला खूण केली.