पंडिता रमाबाई : व्यासपीठावरून केडगावच्या माळावर

इ. स. १८७४ च्या सुमारास दक्षिण भारतात दुष्काळाने थैमान घातले होते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरत असे. त्या काळात पुराण ऐकायला कोण येणार? भांडीकुंडी विकून झाली, पुढे झाडपाला खाऊन दिवस काढले. वेदशास्त्रसंपन्न म्हणवणाऱ्यांना मजुरी करता येत नव्हती आणि भीक मागवत नव्हती. आधी शास्त्रीबुवा गेले, काही आठवड्यांतच त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही गेल्या. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले. उरलेली दोन टोके मुलगा श्रीनिवास आणि धाकटी मुलगी रमा यांनी उचलली. रमेची उंची कमी असल्याने खांद्याला खांदा लागेना. म्हणून स्मशानापर्यंतची वाट तिने तो भार डोक्यावर वाहिला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

चारच वर्षांनी, १८७८ मध्ये, हीच मुलगी कलकत्त्याच्या विद्वत्सभेपुढे उभी राहिली. आईने तोंडी शिकवलेले भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत, आणि संस्कृतात अस्खलित भाषण करण्याचे सामर्थ्य. तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढच्या घटना भराभर घडल्या. भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी पटकीने तेही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीती' लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची गरज मांडली. पुण्यातल्या सुधारकांना त्यांचा अभिमान वाटत होता.

१८८३ मध्ये त्या वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. पण ऐकू येणे कमी होत चालल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे आपले एक काम पाहायला पाठवले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रिया तिथे आश्रयाला होत्या आणि चांगल्या घरांतल्या भगिनी त्यांच्यात राहून त्यांची सेवा करीत होत्या. रमाबाईंनी असे पूर्वी कुठे पाहिले नव्हते. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या होत्या, त्यांत अशा स्त्रीसाठी प्रायश्चित्त आणि शिक्षा यांपलीकडे त्यांना काही आढळले नव्हते. या भगिनींना हे करावेसे का वाटते, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. ख्रिस्ताविषयी त्यांच्याशी वादविवाद अनेकांनी केला असेल. त्यांचे मन मात्र फुलहॅमच्या त्या घराने वळवले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाई मुकाट्याने आज्ञा पाळतील, अशी काहींची अपेक्षा होती. ती फोल ठरली. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असा आक्षेप भारतातील बिशपांनी घेतला. तो त्यांनी मानला नाही. त्या शाकाहारीच राहिल्या, साडी सोडली नाही आणि न पटलेल्या धर्ममतांवर भगिनींशी पत्रांतून परखड वाद घालत राहिल्या. त्यांच्यात नम्रता नाही, अशी तक्रार मठात होई. तिथल्या वडीलधाऱ्यांना अभिप्रेत असलेली नम्रता त्यांच्यात खरोखरच नव्हती.

फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना वैद्यकीय पदवी मिळणार होती. त्या समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. गावोगावी व्याख्याने दिली, बालशिक्षणाची पद्धत अभ्यासली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व त्याने दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी, आनंदीबाई कर्वे झाल्या.

सदनात धर्मोपदेश होणार नाही, असे ठरलेले होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडे ठेवून करीत आणि कोणी मुलगी येऊन बसली तर तिला उठवीत नसत. धर्मांतराच्या शंकेने १८९३ मध्ये वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची चिंता खोटी नव्हती, आणि स्वतःच्या घरात प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा हक्कही खोटा नव्हता. पण त्यानंतर पुण्याच्या सभांतले त्यांचे पहिले स्थान परत आले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदतकेंद्रांत निराधार मुली कोणत्या माणसांच्या तावडीत सापडत आहेत, हे त्यांनी पाहिले. उपाशी मुलगी कशी दिसते हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्यांनी शेकडो मुली आणल्या. कोणाच्या अंगावर फोड, कोणाच्या डोक्यात उवांचे थर, कित्येकींना धड उभेही राहवत नव्हते. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावला, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर न्यावे लागले. आरंभी राहायला झोपड्याच होत्या. सदनातल्या शिकलेल्या मुलींकडे या नव्या मुली सोपवण्यात आल्या. न्हाऊ घालणे, खाऊ घालणे, जखमा धुणे, हाच त्यांचा अभ्यासक्रम ठरला. हेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू झाला. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवण्याची सोय केली. आणि फुलहॅमला पाहिलेल्या त्या घरासारखे कृपा सदनही याच माळावर उभे राहिले.

यानंतरचे काम सर्वांत शांतपणे झाले. प्रचलित मराठी बायबलाची भाषा खेड्यातल्या बायकांना समजत नाही, हे रमाबाईंना रोज दिसत होते. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मूळ भाषांवरून नवे भाषांतर करू लागल्या. संस्कृतात सभा जिंकणाऱ्या पंडितेने इथे संस्कृतप्रचुर शब्द निवडून निवडून बाजूला ठेवले. या कामात पंधराएक वर्षे गेली. खिळे जुळवायला दुष्काळातून आलेल्या स्त्रियाच होत्या. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंनी मुद्रिते तपासणे थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या हातचे तपासणीचे काम पुरे झालेले होते. मुक्तीच्या छापखान्यात ते पान पान छापले जात राहिले आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल बाहेर पडले.