पडत्या धन्याचा वकील

आठव्या हेन्रीचा इतिहास आमच्या इकडील पदवीधरांनीं परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. सहा राण्या व पोपाशीं झालेलें भांडण यांपलीकडे त्यांतील थोडेंच त्यांच्या स्मरणांत उरतें. थॉमस क्रॉम्वेल हें नांव निघालेंच तर मठ लुटणारा निर्दय प्रधान म्हणून निघतें, किंवा शंभर वर्षांनंतरच्या ऑलिव्हर क्रॉम्वेलशीं त्याची गल्लत होते. (ऑलिव्हर हा या थॉमसच्या बहिणीच्या वंशांतला.) या प्रधानाच्या हातून घडलेल्या अन्यायांवर पांघरूण घालण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्याच्या आयुष्यांतील एका हिवाळ्याची हकीकत आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते.

क्रॉम्वेलचा जन्म १४८५ च्या सुमारास लंडनजवळील पटनी गांवीं झाला. बाप लोहारकी करी, बीअर बनवून विकी व तिच्या कायद्याखालीं वारंवार दंड भरी. मुलगा तरुणपणींच घर सोडून इटलींत व नेदर्लंडांत गेला, तेथें व्यापार, भाषा व हिशेब शिकला, आणि परत येऊन कायद्याचा धंदा करूं लागला. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती, ही गोष्ट आम्हां पदवीधर वकिलांनीं ध्यानांत ठेवलेली बरी. १५२४ त तो ग्रेज इनचा सभासद झाला, तोंपर्यंत कार्डिनल वुल्सीच्या कामांत त्याचा शिरकाव झालेला होता. ऑक्सफर्डचें कॉलेज व इप्सविचची शाळा यांच्या खर्चासाठीं वुल्सीनें सुमारें तीस लहान मठ मोडले. त्यांचे दस्तऐवज क्रॉम्वेलनें केले आणि लोकांचा रोषही त्याच्याच वांट्यास आला.

वुल्सी हाही सामान्य कुळांतला. इप्सविचच्या खाटकाचा हा मुलगा १५१५ त कार्डिनल व लॉर्ड चॅन्सेलर झाला आणि पुढें चौदा वर्षें राजाच्या नांवानें राज्य त्यानेंच चालविलें. जुन्या सरदार घराण्यांस हें शल्य डांचत होतें. पुढें राजास कॅथरीन राणीपासून मोकळें होऊन ॲन बोलीनशीं लग्न करावयाचें होतें. त्यासाठीं ब्लॅकफ्रायर्स येथें भरलेली धर्मन्यायसभा १५२९ च्या उन्हाळ्यांत निकालावांचून उठली व वुल्सीचा उपयोग संपला. ॲनचा मामा नॉर्फोकचा ड्यूक व राजाचा मेहुणा सफोकचा ड्यूक हे याच संधीची वाट पाहात होते. पोपाचा प्रतिनिधि म्हणून अधिकार चालविला हा गुन्हा ठरविण्यांत आला. तो अधिकार राजाच्या डोळ्यांदेखत, राजाच्याच कामासाठीं चालविलेला होता. परंतु आरोपीनें तो बचाव मांडलाच नाहीं. ऑक्टोबरांत त्या दोघा ड्यूकांनीं राज्याचा शिक्का त्याच्या हातांतून घेतला. त्याचा चिटणीस स्टीफन गार्डिनर तर जुलैपासूनच राजाचा चिटणीस होऊन बसला होता.

वुल्सी एशरच्या वाड्यांत राहावयास गेला. तेथें त्याचा मानकरी सेवक जॉर्ज कॅव्हेंडिश यानें पाहिलेलें एक दृश्य त्यानें पुढें चरित्रांत लिहून ठेवलें आहे. १ नोव्हेंबर रोजीं सकाळीं क्रॉम्वेल दिवाणखान्याच्या खिडकीशीं टेकून प्रार्थनेचें पुस्तक वाचीत उभा होता व त्याच्या डोळ्यांत अश्रु होते. विचारतां त्यानें सांगितलें कीं, आजवर कष्टानें मिळविलेलें सर्व, केवळ धन्याची इमानें सेवा केली म्हणून, आतां जाणार. हे अश्रु धन्यासाठीं नसून स्वतःसाठीं होते, हें कॅव्हेंडिश लपवीत नाहीं; आम्हीही लपवीत नाहीं. मात्र त्याच दिवशीं दुसरी गोष्ट घडली. घरांतील चाकरांना पगार देण्यास धन्यापाशीं पैसा उरला नव्हता. वुल्सीच्या कृपेनें मोठमोठीं उत्पन्नें भोगणारे धर्मगुरु भोंवतीं होते. ज्यांनीं इतकें मिळविलें त्यांनीं आतां हात सैल करावा, असें क्रॉम्वेलनें भर सभेंत सुचविलें आणि प्रथम स्वतःच्या खिशांतून पांच पौंड काढून ठेवले. मग इतरांनाही लाज वाटली. त्याच रात्रीं तो घोड्यावर बसून लंडनास निघाला.

पार्लमेंट ३ नोव्हेंबरला भरावयाचें होतें. टॉन्टन गांवाची जागा त्यानें ऐन वेळीं मिळविली, तीही नॉर्फोकची परवानगी घेऊन! वुल्सीविरुद्ध चव्वेचाळीस कलमांचा आरोपपट लॉर्डांच्या सभेंतून आला तेव्हां कॉमन्स सभेंत त्याचा प्रतिवाद क्रॉम्वेलनें केला, आणि तें प्रकरण तेथेंच थांबलें. राजाचाच वुल्सीला पुरता बुडविण्याचा विचार नव्हता, म्हणून हें धाडस फारसें नव्हतें, असें कांहीं इतिहासकार म्हणतात. असेल. पण राजाचें मन त्या दिवशीं कोणास ठाऊक होतें? फेब्रुवारी १५३० मध्यें वुल्सीला माफी मिळाली. त्याच्या उत्पन्नांतून दरबाऱ्यांना जीं वर्षासनें दिलीं गेलीं त्यांचे कागद क्रॉम्वेलच्याच हातून झाले व त्यामुळें शत्रुपक्षांतही त्याचे मित्र झाले. निष्ठा आणि स्वार्थ हीं येथें एकाच दोरींत वळलेलीं आहेत. तीं उलगडून दाखविण्याची शक्ति आमच्यांत नाहीं. धनी यॉर्कच्या प्रांतीं गेला तेव्हां क्रॉम्वेल बरोबर गेला नाहीं. बांधकामें थांबवा, बेतानें राहा, असें पत्रांतून विनवीत राहिला. वुल्सीनें ऐकलें नाहीं. ४ नोव्हेंबरला त्याला पकडण्यांत आलें व २९ नोव्हेंबर १५३० रोजीं लेस्टरच्या मठांत तो वारला.

पुढील दहा वर्षांचा इतिहास सर्वश्रुत आहे. पोपाची सत्ता गेली, मठ बुडाले, प्रत्येक चर्चमध्यें इंग्रजी बायबल ठेवण्याचा व जन्ममृत्यूंची नोंद करण्याचा हुकूम १५३८ त निघाला. मोर व ॲन बोलीन यांचीं मस्तकेंही उडालीं. एक लहानशी गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. लोहाराच्या या मुलाला कुलचिन्ह मिळालें तेव्हां त्यानें त्यांत वुल्सीच्या ढालीवरील गुलाब व दोन कावळ्यांच्या जातीचे पक्षी घेतले. ज्याचें नांव काढणेंही दरबारांत अप्रशस्त होतें, त्याची खूण हा प्रधान उघडपणें मिरवीत होता.

१० जून १५४० रोजीं मंत्रिमंडळाच्या बैठकींतच त्याला कैद झाली. गळ्यांतील मानचिन्ह नॉर्फोकनें स्वतः ओढून काढलें. त्याला न्यायासनापुढें उभें केलेंच नाहीं. खटल्यावांचून केवळ कायदा करून माणसास दोषी ठरविण्याची अटेंडर नांवाची रीत त्यानेंच मागील वर्षीं सॅलिसबरीच्या वृद्ध काउंटेसवर चालविली होती, तीच आतां त्याच्यावर उलटली. जें पार्लमेंट आम्हांस कायद्याच्या राज्याची जननी म्हणून शिकविण्यांत आलें, त्यानें हें विधेयक विरोधावांचून संमत केलें. १५२९ सारखा वकील त्या सभेंत उभा राहिला नाहीं. आर्चबिशप क्रॅन्मरनें मात्र, अटकेला दोन दिवस झाले नाहींत तोंच, असा सेवक राजाला पुन्हां मिळणार नाहीं असें भीत भीत कां होईना राजाला लिहिलें; आणि क्रॉम्वेलच्या घरीं लहानाचा मोठा झालेला राल्फ सॅडलर कैदखान्यांतील त्याचें पत्र राजापर्यंत घेऊन गेला. राजानें तें तीनदां वाचवून घेतलें, असें सांगतात.

२८ जुलै रोजीं टॉवर हिलवर क्रॉम्वेलचा शिरच्छेद झाला व त्याच दिवशीं हेन्रीनें नॉर्फोकच्या पुतणीशीं लग्न लावलें. १५४१ च्या मार्चमध्यें, खोट्या आरोपांनीं आपल्या मंत्र्यांनीं आपला सर्वांत इमानी सेवक आपल्याच हातून मारविला, अशी तक्रार हेन्री करूं लागल्याचें फ्रान्सच्या वकिलानें आपल्या धन्याला कळविलें. नॉर्फोक त्या वेळींही मंत्रिमंडळांत आपल्या जागीं बसलेला होता.