कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात अंगमेहनतीवाचून अनेक घरांची चूल पेटत नाही. कुणी कुपात झाडे पाडतो, कुणी बांबू तोडतो, कुणी कोळशाच्या खाणीत उतरतो. अशा कामात कधी झाड अंगावर कोसळते, कधी कुऱ्हाड पायावर बसते. मग ठेकेदार त्याला दवाखान्यात पोचवतो, घरच्यांच्या हातावर थोडे पैसे ठेवतो आणि गाव त्याला नशीब म्हणून गप्प बसते. ते पैसे ही मालकाची दया, की मजुराचा हक्क? हा प्रश्न आपल्या देशात ज्यांनी अगदी आरंभीच्या काळात हजारो कामगारांच्या वतीने मांडला, ते रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा परिचय करून घेणे आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना अगत्याचे आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेडजवळच्या कन्हेरसरचे. परिस्थिती बेताची होती. प्रथम रेल्वेत व पोस्टात नोकरी करून ते मुंबईतील मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीतील जिणे त्यांनी तेथे रोजच्या रोज पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र त्यांनी १८८० पासून मुंबईत चालविले आणि कष्टकऱ्यांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली.

त्या काळचा कायदा कसा होता? १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टने लहान मुलांच्या कामाचे तास ठरविले आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालण्यास सांगितले. परंतु कुंपण असून वा नसून ज्याचा हात यंत्रात गेला, त्याच्या पुढच्या आयुष्याचे काय, याविषयी त्यात काहीच नव्हते. हात गेला की नोकरी गेली आणि नोकरी गेली की घर उघड्यावर पडले.

१८८४ साली सरकारने मुंबईत गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. ती संधी लोखंड्यांनी साधली. सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरली आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यातून रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पहाटे साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, या मागण्या प्रसिद्धच आहेत. परंतु त्याच अर्जात आणखी एक कलम होते, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. काम करताना जबर दुखापत होऊन कामगार घरी बसला, तर बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार मिळावा; आणि तो जन्माचा अपंग झाला, तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा त्याच १८८४ साली झाला. इंग्लंडला असा कायदा करण्यास १८९७ साल उजाडावे लागले. म्हणजे राज्यकर्त्यांच्या देशात जे अजून व्हायचे होते, ते गिरणगावातला माणूस येथे मागत होता!

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंड्यांनी कामगारांची बाजू मांडली. १८९१ च्या कायद्यात सुटी आणि विश्रांती आली. जखमी कामगाराचे कलम मात्र तसेच राहिले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. लोक शहर सोडून पळत असता लोखंडे रुग्णांच्या सेवेसाठी मागे राहिले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. वय अवघे एकोणपन्नासच्या आसपास.

त्यांची मागणी कायद्यात येण्यास १९२३ साल लागले. कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला आणि आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. या कायद्याच्या परिशिष्टात झाडे तोडणे, नदीतून लाकूड वाहून नेणे आणि जंगलातील वणवा विझविणे ही कामे नावानिशी आहेत, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? मजूर ठेकेदाराचा असला, तरी ज्याने आपल्या धंद्याचे काम ठेक्याने दिले त्या मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते. ती न मिळाल्यास अपघातापासून दोन वर्षांच्या आत सक्षम अधिकाऱ्याकडे दावा करता येतो. हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा घेतला, तरी कायद्याने तो कागद निरर्थक ठरतो. मृत्यू झाल्यास भरपाई त्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हातावर परस्पर पैसे ठेवून मालक मोकळा होत नाही.

आणि तरीही लोखंड्यांचा अर्ज पुरता मंजूर झालेला नाही. त्यांनी बरे होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. हा कायदा तात्पुरत्या अपंगत्वास दर पंधरवड्यास महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे हिशेबाने निम्माच पगार देतो. तो निम्माही आपल्या भागातील कित्येक मजुरांच्या पदरी पडत नाही, कारण हक्क आहे हेच त्यांना माहीत नसते.

लोखंड्यांकडे सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती. होती ती लेखणी आणि माणसांविषयीचा जिव्हाळा. आपणही लिहू-वाचू शकतो. गावात कुणी काम करताना जखमी झाला, तर दवाखान्याचा कागद जपून ठेवायला सांगणे, तारीख आणि साक्षीदारांची नावे टिपून घेणे, आणि मुदतीच्या आत त्याचा अर्ज लिहून देणे, एवढे तर आपल्या हाती आहे. त्या थोर पुरुषास याहून खरी आदरांजली दुसरी कोणती?