साखरेच्या माळा उलगडणारे लेलुआर

भिवंडीतील कामतघरसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत सुती ताण्याला मागावर चढण्यापूर्वी पिष्टाची खळ दिली जाते. सोलापूरकडील डाळिंबबागा उद्ध्वस्त करणाऱ्या तेल्या रोगाचा झँथोमोनास जिवाणू स्वतःभोवती चिकट डिंक तयार करतो. वनस्पतीचे पिष्ट काय किंवा जिवाणूचा डिंक काय, दोन्ही साखरेच्या रेणूंच्याच माळा. त्या कशा ओवल्या जातात, हे कोडे अर्जेंटिनाच्या लुइस फेदेरिको लेलुआर यांच्या संशोधनामुळे सुटले.

पॅरिसमध्ये ६ सप्टेंबर १९०६ रोजी जन्मलेले लेलुआर शिक्षणाने वैद्य. रुग्णसेवेत त्यांचे मन रमले नाही आणि ते ब्युनोस आयर्समध्ये बर्नार्दो उसाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. लोकशाहीची मागणी करणाऱ्या पत्रकावर सही केल्याबद्दल १९४३ मध्ये उसाय यांना विद्यापीठातून काढण्यात आले. तेव्हा लेलुआर यांनीही देश सोडला. अमेरिकेत काही काळ ते कोरी दाम्पत्याकडे होते. ग्लुकोज-१-फॉस्फेट हे साखरेचे फॉस्फेट एस्टर याच दाम्पत्याने शोधले होते.

मायदेशी परतल्यावर १९४७ मध्ये हाइमे काम्पोमार यांच्या देणगीतून एका लहानशा घरात संस्था उभी राहिली. काम्पोमार कापड उद्योजक होते, हे यंत्रमागांच्या शहराने मुद्दाम ध्यानात घ्यावे. उपकरणे बहुतेक घरगुती. सेंट्रिफ्यूज थंड ठेवण्यासाठी टायरच्या ट्यूबमध्ये बर्फ भरून ती भोवती बसवली जाई. तेथेच ग्लुकोज-१,६-डायफॉस्फेट आणि पाठोपाठ यूडीपी-ग्लुकोज सापडले. साखर फॉस्फेटच्या दुव्याने न्यूक्लिओटाइडला जोडली गेली की ती क्रियाशील होते आणि एन्झाइम तिला साखळीत ओवते, हे त्यातून उमगले.

अशी एस्टर प्रयोगशाळेत बनवणे जिकिरीचे. साखरेच्या रेणूवर जोडणीच्या जागा अनेक, हवी ती मात्र एकच. त्यात हा बंध आम्लात चटकन तुटतो. केंब्रिजमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्या गटाने १९५० च्या दशकात यूडीपी-ग्लुकोजचे संश्लेषण केले. पुढे हरगोविंद खुराना यांच्या गटाने अधिक सुलभ पद्धत दिली.

काम्पोमार १९५७ मध्ये वारले आणि निधी आटला. अमेरिकेतून बोलावणी असतानाही लेलुआर ब्युनोस आयर्समध्येच राहिले. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानाने काम तगले. १९७० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

झँथोमोनासचा डिंक यूडीपी-ग्लुकोज आणि तत्सम एस्टरांपासून कसा घडतो, याचा उलगडा करण्यात १९८० च्या दशकात याच संस्थेतील संशोधकांचा मोठा वाटा होता. ते काम सुरू असताना, २ डिसेंबर १९८७ रोजी लेलुआर यांचे निधन झाले.