जिवंत कीटकांचा अभ्यासक : झां आंरी फाब्र

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या प्रदर्शनात टाचणीने पुठ्ठ्यावर टोचलेली फुलपाखरे तुम्ही पाहिली असतील. ज्ञानासाठी जीव घ्यावा का, असा प्रश्न तेव्हा तुमच्या मनात आला का? आला असेल, तर फ्रान्समधील थोर कीटकशास्त्रज्ञ झां आंरी फाब्र यांचे चरित्र जरूर वाचा.

फाब्र यांचा जन्म १८२३ साली दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यात, अत्यंत गरीब घरात झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर शिकून ते शिक्षक झाले. पगार तुटपुंजा, संसार मोठा. तरीही सुटीचा दिवस ते माळरानावर कीटकांच्या सहवासात घालवीत.

गांधीलमाशीची एक जात जमिनीत बीळ करते आणि आपल्या अळ्यांसाठी त्यात भुंगेरे साठवते. ते कित्येक दिवस कुजत नाहीत. हे भुंगेरे मेलेलेच असून माशीच्या विषामुळे टिकून राहतात, असे लेओं द्यूफूर या नामवंत शास्त्रज्ञाचे मत होते. फाब्र मात्र बिळाजवळ तासन्‌तास बसून राहिले. माशी नेमका कोठे डंख मारते हे त्यांनी पाहिले. डंख मज्जातंतूंच्या गाठीवर बसतो. भुंगेरा लुळा पडतो, पण मरत नाही! १८५५ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. ज्याला विद्वानांनी मेलेले मानले, ते जिवंत होते.

फाब्र यांनी कीटकांना कधी इजाच केली नाही, असे मात्र समजू नका. वरील शोधाची खात्री करण्यासाठी त्यांनी धडधाकट भुंगेऱ्यांना सुईने अमोनिया टोचून पाहिला. कीटकांचे विच्छेदनही त्यांनी केले. परंतु त्यामागे निश्चित प्रश्न असे. केवळ पेटी भरण्याची हौस नसे.

१८७९ साली सेरीन्यां गावी त्यांनी खडकाळ, ओसाड जमीन घेतली. तेथे कीटकांना मोकळेपणी वावरू देऊन ते उर्वरित आयुष्यभर त्यांचे निरीक्षण करीत राहिले. त्यांचे कीटकविषयक लेखन १८७९ ते १९०७ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाले. १९१५ साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, मेलेला कीटक आपल्याला त्याचा आकार सांगतो. त्याचा स्वभाव आणि कसब जिवंत कीटकच सांगतो. काही प्रश्न विच्छेदनावाचून सुटत नाहीत, हेही खरे. म्हणून हात उचलण्यापूर्वी स्वतःला विचारा : माझा प्रश्न कोणता? नुसत्या पाहण्याने तो सुटणार नाही काय?

आणि पालकहो, मूल अंगणात मुंग्यांची रांग पाहत बसले, तर वेळ वाया जातो म्हणून त्याला उठवू नका. त्याच्या हाती एक भिंग द्या.