ठोका वगळलेला नाद

मैफलीला जरा लवकर जाऊन बसणाऱ्यांपैकी मी एक. तबलजी हातोडीनं तबला लावून घेतो, पावडर लावतो, आणि मग मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसतो. पुढची वीस-पंचवीस मिनिटं त्याला काहीच काम नसतं. गवई आलापी करत असतो आणि मागं दोन तानपुरे झंकारत असतात. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यानं एक पथ्य पाळायचं असतं. तारेवर बोट पडल्याचं कानाला कळता कामा नये, तार नुसती बोलत राहिली पाहिजे. ठोक्यावाचूनचं संगीत आपल्याला नवं नाही, ते असं कानात मुरलेलं आहे.

हेच पथ्य लंडनमधल्या एका बाईनं दिव्याच्या शेडवर पाळलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. शेड साधी, धातूची, हिरव्या रंगाची, सरकारी कचेरीत टांगलेली असते तशी कळकट. बाईनं तिच्यावर टिचकी मारली. आवाज टेपवर घेतला. मग टिचकीचा 'टण्' तेवढा काढून टाकला आणि मागं राहिलेला झंकार ठेवला. तेवढ्या झंकारातून तिनं सहाराचं वाळवंट उभं केलं. तिचं नाव डेलिया डार्बिशर. इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास तिच्या नावावाचून आज लिहिता येत नाही, पण तिच्या उमेदीच्या काळात ते नाव छापायला तिचीच संस्था तयार नव्हती.

डेलियाचा जन्म ५ मे १९३७ रोजी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. वडील पत्र्याचं काम करणारे कारागीर. ती साडेतीन वर्षांची असताना, १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री, जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढलं. शहराचं जुनं कॅथीड्रल त्या रात्री जळालं. लहानग्या डेलियाच्या कानात राहिला तो भोंगा. हल्ल्याची सूचना देणारा, खालून वर चढत जाणारा आणि पुन्हा उतरणारा, आणि मग संकट टळल्याचा एकसुरी भोंगा. आपल्याला अमूर्त आवाजांची ओढ लागली ती या भोंग्यांमुळं, असं ती पुढं सांगत असे. इतर मुलं ज्या आवाजानं टेबलाखाली दडत, त्या आवाजात या पोरीला सूर दिसला. हल्ल्यानंतर तिला प्रेस्टनला आईवडिलांच्या गावी पाठवलं. तिथं पहाटे गिरणीकामगार लाकडी तळाच्या बुटांनी दगडी रस्त्यावरून खडखडत जात. तोही आवाज तिनं जपून ठेवला.

आठव्या वर्षी घरात पियानो आला. कारागिराच्या घरात ही चैनच, पण मुलगी हुशार होती. १९५६मध्ये तिला ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे प्रवेश मिळत होता. कामगार वस्तीतल्या मुलीच्या बाबतीत तेव्हा हे नवलाचं होतं. तिनं केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिष्यवृत्तीवर गणित घेतलं, वर्षभरानं संगीताकडे वळली, आणि १९५९मध्ये दोन्ही विषय पदरात घेऊन बाहेर पडली. ध्वनी, संगीत आणि गणित यांत आपल्याला गती आहे, तर काय करावं, असं तिनं विद्यापीठाच्या नोकरी-सल्ला कचेरीत विचारलं. त्यांनी बहिऱ्यांची श्रवणयंत्रं किंवा समुद्राची खोली मोजण्याचं काम सुचवलं. डेका या रेकॉर्ड कंपनीकडे गेली, तर ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत आम्ही बायका नेमत नाही, असं साफ उत्तर मिळालं.

मग काही दिवस जिनिव्हात मुत्सद्द्यांच्या मुलांच्या शिकवण्या, काही दिवस शाळेत मास्तरकी, काही दिवस संगीत प्रकाशकाकडे नोकरी. नोव्हेंबर १९६०मध्ये ती बीबीसीत उमेदवार म्हणून चिकटली. तिथं तिची एक करामत लवकरच सर्वांना ठाऊक झाली. तबकडीवरच्या रेघांचा उजेड-अंधार नुसता डोळ्यांनी पाहून ती हव्या त्या जागी नेमकी सुई टेकवायची.

बीबीसीच्या मेडा व्हेल इथल्या इमारतीत तेव्हा एक चमत्कारिक खातं होतं. इमारत मुळात रोलर स्केटिंगसाठी बांधलेली. १९५८मध्ये तिथं डॅफ्नी ओराम आणि डेस्मंड ब्रिस्को यांच्या खटपटीतून रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू झालं. नाटकांना आणि कार्यक्रमांना जगावेगळे आवाज पुरवायचे, हे त्याचं काम. साधनं म्हणजे इतर खात्यांनी टाकून दिलेली यंत्रं. तिथं माणसाला फार दिवस ठेवलं तर डोक्यावर परिणाम होईल, असं सुरुवातीला मानलं जाई, म्हणून नेमणुका मोजक्या महिन्यांच्या असत. ज्याला लोक वनवास समजत, तो डेलियानं १९६२मध्ये मागून घेतला. त्यानंतर ती तिथं अकरा वर्षं राहिली.

आणखी एक गंमत. तिथं तयार होणाऱ्या गोष्टीला 'संगीत' म्हणायची सोय नव्हती. संगीत विभागाचा त्याला आक्षेप होता, म्हणून श्रेयनामावलीत 'विशेष ध्वनी' असे शब्द पडत. नोकरशाहीत शब्दांची किंमत काय असते, हे मी तीस-एक वर्षं पाहिलेलं आहे. हुद्द्याच्या नावात एक शब्द कमी पडला की पगाराचा तक्ता बदलतो.

आता ती काम कसं करायची, ते सांगतो. सिंथेसायझर तिच्या हाती नव्हता. होते ते टेपरेकॉर्डर, एकच सपाट सूर काढणारे चाचणीचे ऑसिलेटर, ब्लेड आणि चिकटपट्टी. एखादा आवाज टेपवर घ्यायचा, मग टेप दुप्पट वेगानं वाजवली की मधल्या सप्तकातला षड्ज तार षड्ज होतो. निम्म्या वेगानं वाजवली की खर्जात जातो. मधले सूर हवे असतील तर हिशेब करावा लागतो. सेकंदाला ४४० कंपनांचा सूर अर्ध्या पायरीनं चढवायचा तर तो ४६६वर न्यावा लागतो, म्हणजे २६ची वाढ. त्यापुढची अर्धी पायरी मात्र २८ची. वाढीवर वाढ चढत जाते. हे वाचल्यावर माझ्यातला बँकवाला जागा झाला. अहो, हे तर चक्रवाढ व्याज! दर शेकडा सुमारे ५.९५ या दरानं बारा मुदतींत मुद्दल बरोबर दुप्पट होतं, आणि तेच पियानोचं सप्तक. डेलिया लॉगॅरिथमचं पुस्तक जवळ बाळगायची ते यासाठी. आपण शाळेत ज्या लॉग टेबलला शिव्या दिल्या, त्याच्या आधारानं ती गाणं बांधायची.

सूर ठरला की लांबी. टेप सेकंदाला पंधरा इंच धावत असेल तर अर्ध्या सेकंदाचा सूर साडेसात इंचांचा. तेवढा तुकडा मोजून कापायचा, पुढचा कापायचा, जोडायचा. ताल वाजवायला माणूस नाही, वाद्य नाही. ताल म्हणजे फूटपट्टी.

१९६३मध्ये याच रीतीनं एक काम तिच्या टेबलावर आलं. बीबीसी टेलिव्हिजनवर मुलांसाठी काळातून प्रवास करणाऱ्या एका विक्षिप्त डॉक्टरची मालिका सुरू व्हायची होती, 'डॉक्टर हू'. शीर्षकाची धून रॉन ग्रेनर या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या संगीतकारानं लिहिली होती. लिहिली म्हणजे एका कागदावर, आणि आवाजांच्या जागी ढग, वाऱ्याचे बुडबुडे असले शब्द. कागद देऊन गृहस्थ सुटीवर गेले. डेलिया आणि तिचा सहायक डिक मिल्स कामाला बसले. खालचा धावता सूर एका छेडलेल्या तारेच्या आवाजातून बनला. वरची सरकती धून ऑसिलेटरची बटणं हातानं फिरवून काढलेली. ढग गाळलेल्या खरखरीचे. ढोल नाही, झांज नाही, तरी ती धून पळत सुटते. ऐकणाऱ्याच्या छातीत ठोका पडतो, टेपवर मात्र तो नाही.

तेव्हा अनेक पट्ट्यांचं मुद्रणयंत्र त्यांच्याकडे नव्हतं. धावता सूर एका टेपवर, धून दुसऱ्या, ढग तिसऱ्या. तिन्ही यंत्रं एकाच क्षणी सुरू करून आवाज एकत्र करायचे. ते केलं, तर कुठं तरी एक सूर चुकीचा. कुठल्या टेपवर, ते कळेना. शेवटी दोघांनी टेपा मेडा व्हेलच्या लांबच लांब व्हरांड्यात शेजारी शेजारी उलगडून घातल्या आणि जोड जोडाशी ताडून पाहत चालत गेले. एका ठिकाणी तुकडा सरकलेला सापडला.

माझ्या उमेदवारीच्या काळात, लेजरं हातानं लिहायच्या दिवसांत, आमच्या शाखेत एकदा बॅलन्सिंगमध्ये काही पैशांचा फरक राहिला. रात्री साडेदहापर्यंत आम्ही चौघे लेजरची पानं उलटत होतो. फरक भरून टाकायला खिशातली नाणी पुरली असती, पण तसं करायचं नसतं. व्हरांड्यात ओणवं होऊन टेप पाहणाऱ्या त्या दोघांचं चित्र मला त्यामुळं अगदी ओळखीचं वाटतं.

सुटीवरून परतलेल्या ग्रेनरनं धून ऐकली आणि ही आपलीच का, असा त्याला प्रश्न पडला. माणूस सज्जन. सहसंगीतकार म्हणून डेलियाचं नाव लागावं, मानधनात तिला वाटा मिळावा, यासाठी त्यानं शब्द टाकला. बीबीसीचा नियम आडवा आला. वर्कशॉपची माणसं पगारी नोकर, त्यांना नाव नाही. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, मालिका सुरू झाली. पुढं सतरा वर्षं तीच धून थोड्याफार डागडुजीनं वाजत राहिली. इंग्लंडातली मुलं ती ऐकून सोफ्यामागं लपत. ती कुणी घडवली, हे त्यांच्या आईबापांनाही माहीत नव्हतं.

मला स्वतःला मात्र तिचं १९६७चं काम अधिक जवळचं वाटतं. सहारात फिरणाऱ्या त्वारेग लोकांवर बीबीसीनं माहितीपट केला होता. निळे बुरखे घेतलेले पुरुष, सोनेरी वाळू, उंटांचा तांडा. अशा चित्रावर साधारण संगीतकार काय करील? एखादा डफ वाजवील, उंटांच्या चालीला घुंगरं बांधील. डेलियानं ती हिरवी शेड घेतली. कुठल्याही घणघणत्या वस्तूतून एकच सूर निघत नाही, अनेक सूर एकदम निघतात. शेडच्या झंकारातले सगळे सूर तिनं वेगळे करून मोजले, त्यातले सर्वांत जोरकस बारा निवडले आणि वर्कशॉपच्या बारा ऑसिलेटरवर पुन्हा उभे केले. आता त्या नादाला सुरुवात नव्हती. तो दुरून उगवायचा आणि उन्हासारखा थरथरत राहायचा. आणि उंटांची पावलं? ती तिनं स्वतःच्या आवाजाचे तुकडे कापून केली. पाऊल पडतं, पण आपटत नाही. वाळूत पावलाचा आवाज होतोच कुठं?

काही मिनिटांची ही रचना ऐकताना मला जोगिया किंवा मारवा आठवत नाही, तसं म्हणणं उगाच ओढूनताणून होईल. आठवतं ते तानपुरे जुळल्यानंतरचं, गवयानं पहिला सूर लावण्याआधीचं ते अर्धं मिनिट.

दहा-अकरा वर्षांत जवळजवळ दोनशे कार्यक्रमांना तिनं आवाज दिले. १९६४मध्ये साध्यासुध्या माणसांनी सांगितलेली स्वप्नं कापून, जोडून तिनं आणि बॅरी बर्मांज यांनी रेडिओसाठी एक रचना केली. तीत माणसं पळतात, पडतात, पाण्यात बुडतात आणि खाली तिचे सूर वाहत असतात. नोकरीबाहेरही मित्रांबरोबर तिनं स्टुडिओ थाटले. मग १९७०च्या सुमारास वर्कशॉपात भिंतभर सिंथेसायझर आला. बटण दाबलं की सूर तयार, ब्लेड नको, फूटपट्टी नको. कामं झपाट्यानं व्हावीत अशी मागणी वाढली. डेलियाचं मन त्यात रमेना. त्या नव्या यंत्रावर 'डॉक्टर हू'ची धून पुन्हा करून पाहिली, तीही जमली नाही, बाजूला ठेवावी लागली. १९७३मध्ये तिनं बीबीसी सोडली. या बाबतीत मी तिला संपूर्ण निर्दोष मानत नाही. मुदतीत काम पुरं करणं तिला जड जाई, आणि पुढं दारूही वाढली. पण ज्या कामात तिचा जीव होता, ते कामच कुणाला नको झालं होतं, हेही खरं.

पुढची हकीकत कादंबरीत लिहिली तर संपादक विश्वास ठेवायचे नाहीत. गॅसची मोठी नळवाहिनी टाकण्याचं काम चालू होतं, तिथं ती उत्तरेत कंब्रियात वायरलेस ऑपरेटर झाली. मग ली युआन-चिआ या चिनी चित्रकारानं खेड्यात उभारलेल्या कलादालनात मदतनीस. एक अल्पजीवी लग्न. १९८०मध्ये नॉर्दम्प्टनला घर घेतलं, तिथं एका जोडीदाराची अखेरपर्यंत सोबत लाभली. संगीत जवळजवळ वीस वर्षं बंद. १९९०नंतर तरुण संगीतकार तिचा शोध घेत येऊ लागले, त्यांच्यापैकी एकाबरोबर तिनं पुन्हा थोडं काम सुरू केलं. ३ जुलै २००१ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ती गेली. त्याआधी तीन वर्षं वर्कशॉपही बंद झालं होतं.

तिचं नाव पडद्यावर आलं ते २०१३मध्ये, 'डॉक्टर हू'च्या पन्नासाव्या वर्षाच्या खास भागात. धून पन्नास वर्षांची झाली होती. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती.

घराच्या माळ्यावर न्याहारीच्या खोक्यांत भरलेल्या २६७ टेपा निघाल्या. २००७मध्ये त्या मँचेस्टर विद्यापीठाकडे गेल्या आणि तिथल्या मंडळींनी एकेक करून ऐकायला घेतल्या. त्यात १९६०च्या दशकाच्या अखेरचा एक लहानसा तुकडा सापडला. यात मात्र ठोका आहे. चांगला दणकट, पुढं पंचवीस-तीस वर्षांनी नाचघरांतून वाजू लागला तसा. २००८मध्ये तो लोकांनी ऐकला तेव्हा तो कालपरवाचा नाही, यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. त्याच टेपवर डेलियाचा आवाज आहे. हे विसरून जा, हे नुसतं कुतूहलापोटी केलंय, असं ती त्यात सांगते.