धूमकेतू नसलेल्यांची यादी

‘स्टेलॅरियम’सारखे आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर संगणकावर उघडून शोधाच्या चौकटीत ‘एम ३१’ असे टाइप केले, की पडद्यावरचे आकाश गर्रकन फिरते आणि देवयानी दीर्घिकेवर येऊन थांबते. ‘एम ४२’ म्हणजे मृगातला तेजोमेघ, ‘एम ४४’ म्हणजे पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ, ‘एम ४५’ म्हणजे कृत्तिका. हा ‘एम’ चार्ल्स मेसियर या फ्रेंच खगोलनिरीक्षकाचा. गंमत अशी, की मेसियर यांना खरी ओढ होती ती धूमकेतूंची. ही यादी त्यांनी केली ती धूमकेतू शोधताना फसगत होऊ नये म्हणून.

मेसियर यांचा जन्म २६ जून १७३० रोजी लॉरेन प्रांतातल्या बादोंविलेचा. बारा भावंडांतले ते दहावे. अकराव्या वर्षी वडील गेले. १७५१ मध्ये ते पॅरिसला आले आणि नौदलाचे खगोलज्ञ जोसेफ देलिल यांच्याकडे नोकरीला लागले. गणितात फारशी गती नव्हती, पण अक्षर सुरेख होते. त्यामुळे सुरुवातीला वाट्याला आले ते नकाशे उतरवून काढण्याचे काम. नोंदी नेटक्या ठेवायची सवय मात्र तिथे पक्की झाली.

त्या काळी सर्वांचे डोळे लागले होते हॅलेच्या धूमकेतूच्या पुनरागमनाकडे. देलिल यांनी त्याच्या संभाव्य मार्गाचा नकाशा करून दिला आणि मेसियर महिनोन्‌महिने त्यातल्या जागा धुंडाळत राहिले. नकाशाच चुकला होता. अखेर २१ जानेवारी १७५९ रोजी धूमकेतू भलत्याच ठिकाणी सापडला, तर देलिल यांनी ही बातमी बाहेर सांगायला मनाई केली. ती जाहीर होईपर्यंत, जर्मनीतल्या पालित्श नावाच्या शेतकऱ्याने तो १७५८ च्या नाताळातच पाहिल्याचे कळले. एवढ्या जागरणाचे श्रेय हातचे गेले.

या शोधमोहिमेच्या काळातच, २८ ऑगस्ट १७५८ रोजी, दुसऱ्या एका धूमकेतूचा माग घेताना वृषभ राशीत एक अंधूक ठिपका दिसला. धूमकेतू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रात्रीगणिक सरकतो. हा ठिपका जागचा हलेना. तो होता आजचा ‘एम १’, म्हणजे खेकडा तेजोमेघ. लहान दुर्बिणीतून तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका सगळेच धुरकट दिसते आणि प्रत्येक ठिपक्यापायी रात्र वाया जाऊ शकते. म्हणून मेसियर अशा फसव्या ठिपक्यांची स्थाने टिपून ठेवू लागले. पहिल्या यादीत ४५ वस्तू होत्या. तिच्यात कृत्तिकाही आहेत, आणि कृत्तिकांना धूमकेतू समजेल असा निरीक्षक विरळाच. लाकाय यांच्या दक्षिण आकाशातल्या ४२ वस्तूंच्या यादीपेक्षा आपली यादी मोठी व्हावी म्हणून हे शेवटचे आकडे भरले असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुढे पिएर मेशँ यांच्या मदतीने १७८१ पर्यंत संख्या १०३ वर गेली.

सगळे गणित हाताने होई, त्यामुळे चुकाही राहिल्या. ‘एम ४७’चे स्थान जवळच्या ताऱ्यापासून मोजताना अधिक-उण्याची गल्लत झाली. नोंदवलेल्या जागी दुर्बीण रोखली तर तिथे असा गुच्छच नाही! विसाव्या शतकात ही चूक उलगडली. आज सॉफ्टवेअर ‘एम ४७’ म्हणताच बरोबर जागी नेते, ते या दुरुस्तीमुळे.

खासगी आयुष्य खडतर होते. १७७२ मध्ये पत्नी आणि नवजात मुलगा थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. ६ नोव्हेंबर १७८१ रोजी एका बागेत फिरताना मेसियर बर्फ साठवण्याच्या तळघरात सुमारे २५ फूट खाली कोसळले. हात, मांडी, बरगड्या मोडल्या. सावरायला वर्ष लागले. तरी १२ नोव्हेंबर १७८२ ला बुधाचे सूर्यावरून होणारे संक्रमण पाहायला ते पुन्हा दुर्बिणीशी हजर होते. राज्यक्रांतीत निवृत्तिवेतन बंद झाले आणि दिव्याच्या तेलासाठीही उसनवारी करावी लागली. त्यांच्या धूमकेतूंच्या कक्षांचे गणित करून देणारे मित्र बोशार द सारों यांना १७९४ मध्ये गिलोटिनवर चढवण्यात आले. १८०६ मध्ये नेपोलियनने मेसियर यांना सन्मानपदक दिले. त्याआधी विल्यम हर्शेल यांनी मोठ्या दुर्बिणींतून अशा दोन हजारांहून अधिक वस्तू नोंदवल्या होत्या, त्यामुळे यादी वाढवण्यात फारसा अर्थ उरला नव्हता.

१२ एप्रिल १८१७ रोजी मेसियर यांचे निधन झाले. तेरा धूमकेतूंचे शोध त्यांच्या नावावर आहेत; त्यांतल्या एकाचेही नाव आज हौशी निरीक्षकांना चटकन आठवत नाही. यादी मात्र वाढत राहिली. त्यांच्या स्वतःच्या प्रतीत हाताने लिहिलेली एक नोंद सापडल्यावर १९२१ मध्ये फ्लामारियों यांनी ‘एम १०४’ जोडला, आणि आता आकडा ११० आहे. मार्च अखेरच्या अमावास्येच्या सुमारास या साऱ्या वस्तू एकाच रात्रीत गाठण्याची ‘मेसियर मॅरेथॉन’ महाराष्ट्रातले आकाशप्रेमीही करतात. कोणता ठिपका किती वाजता मावळणार आणि कोणता उगवणार, याचा क्रम ते आधी संगणकावर लावून घेतात.